मागच्या चाकांजवळचा चौकोन

लॉट १४, नदीकाठचा ट्रेलर-तळ
नॉर्थ डकोटा
१३ सप्टेंबर

प्रिय ऑरिन,

तुरुंगातून तुला फोनवर दहा मिनिटं मिळतात आणि त्यातली आठ आपण हवामानावर घालवतो, म्हणून हे पत्र. तुझी बायको कागदावर जरा जास्त शहाणी असते, असं तूच म्हणायचास.

ट्रेलर आणून लावला. उन्हाळ्यात मासे धरायला तळ्यावर ओढून न्यायचो तोच अठ्ठावीस फुटी डबा आता आपलं घर आहे. जुनं घर विकलं त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही असं मी ठरवलंय, आणि रोज सकाळी ते पुन्हा ठरवावं लागतं.

आता कामाचं. तळाच्या मालकाचा नियम आहे की १ नोव्हेंबरच्या आत ट्रेलरचं पोट खालून बंदिस्त हवं आणि चारी बाजूंनी जमिनीपर्यंत वारा अडवणारी झालर हवी. नसेल तर पाणी बंद आणि जागा खाली करायची. जानेवारीत सुटका-मंडळाच्या वॉल्डाल बाई येणार आहेत. ६ फेब्रुवारीला तुझ्या सुटकेची सुनावणी, त्याआधी तुला राहायला जागा आहे का, ती आपल्या हिवाळ्यात टिकते का, नळाला पाणी येतं का, हे त्या स्वतः बघणार आणि मग मी एका कागदावर सही करणार. पत्ता नाही तर सुटका नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. म्हणजे तुझं घरी येणं या डब्याच्या पोटावर येऊन थांबलंय.

तीस वर्षं लोकांच्या ट्रेलरखाली पाठीवर पडून काढलीस आणि स्वतःचा मात्र उघडाच ठेवलास. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. कुठून सुरुवात करू ते सांग, आणि मला काहीच येत नाही असं धरून सांग.

आर्लिस


२१ सप्टेंबर

प्रिय आर्लिस,

तुझं पत्र तीनदा वाचलं. कोठडीतल्या जोडीदाराने विचारलं, बायकोने एवढं काय लिहिलंय? म्हटलं, फोमचे तक्ते. त्याला वाटलं मी लाजतोय.

चित्र काढून दिलं असतं, पण पाइपांची आणि मापांची चित्रं इथून बाहेर जाऊ देत नाहीत. मी भुयार खणतोय असं त्यांना वाटतं. तेव्हा शब्दांतच घे.

टोपी आणि चष्मा घालून खाली जा. वर बघितलंस की काळं कापड ताणलेलं दिसेल, ते ट्रेलरचं पोट. त्याच्या वर पाण्याचे पाइप, टाकी, सगळं असतं. कापड फाटलं असेल तिथे ठिगळ लाव. मग दोन इंच जाड फोमचे तक्ते आण, लोखंडी पट्ट्यांच्या मधल्या मापाचे काप आणि घट्ट दाबून बसव. प्रत्येक सांध्यावर चकचकीत टेप. टेप लावायची ती भर दुपारी, पुसून कोरडं करून. थंडीत ती चिकटत नाही आणि चिकटली असं नाटक मात्र छान करते. बाहेरच्या पाण्याच्या नळीला गरम राहणारी वायर गुंडाळ. शेवटी झालर, तीही फोमचीच, आणि तिच्या पायाशी मातीचा बांध. आत शिरायचं दार आग्नेयेला ठेव, वारा वायव्येकडून येतो.

पेंढ्याचे गठ्ठे लावू नकोस. तुझी आई शेतघराभोवती लावायची हे मला ठाऊक आहे. पेंढा म्हणजे उंदरांना जेवणासकट खोली.

एकच सांगतो. मागच्या चाकांच्या आसापाशी, डाव्या हाताला, एक चौकोन आहे. तिथलं कापड मी पूर्वी कधीतरी उसवून पुन्हा शिवलंय. तिथे हात घालू नकोस आणि तक्ताही दाबू नकोस. वर विजेच्या तारांचे जुने सांधे आहेत, शॉक बसेल. तेवढा चौकोन सोड. मी आलो की करीन.

तुझा
ऑरिन


११ ऑक्टोबर

प्रिय ऑरिन,

माझ्या केसांत फोमचा भुसा आहे, कोपरं सोलली आहेत आणि चौदापैकी नऊ चौकोन झाले आहेत. पाठीवर पडून हात वर करून काम करणं म्हणजे काय ते आता कळलं. तू घरी आल्यावर खांदे दाबून मागायचास तेव्हा मी कुरकुर करायचे. ती कुरकुर परत घेते.

शेजारच्या लॉटवर ड्वेन म्हणून निवृत्त वेल्डर आहे. मदत करू का म्हणाला, मी नको म्हटलं. दुसऱ्यांदा विचारलं, नको म्हटलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर हो म्हटलं, कारण चौथ्यांदा विचारणारा माणूस आपल्या भागात जन्माला येत नाही. तो आणि त्याचा कुत्रा दोघेही खाली येऊन झोपतात, त्यातला ड्वेन काम करतो.

तुझ्या चौकोनापाशी तो अडला. म्हणाला, "बाई, सिंकचा पाइप नेमका इथूनच जातो. सगळं अंग झाकून नाक उघडं ठेवायचं हा काय प्रकार?" मी म्हटलं, "माझ्या नवऱ्याने तीस वर्षं हेच केलंय. तो सोड म्हणाला तर सोडायचा." ड्वेन पुढच्या चौकोनाकडे सरकला.

दुसरी गोष्ट लिहू की नको असं झालं होतं. दुकानात बटाटे निवडताना कोरीन समोर आली. टॉडच्या मृत्यूचा खटला संपल्यापासून मी तिला लांबूनच बघत होते. तू गाडीने ज्याला उडवलंस त्या माणसाच्या बायकोशी बटाट्यांपाशी काय बोलायचं असतं? तीच बोलली. म्हणाली, "मी मंडळाला लिहून कळवलंय, माझा विरोध नाही. तू शपथेवर सांगितलंस ना, दोन वर्षं त्याने दारूच्या थेंबाला हात लावला नव्हता, एकदाच घसरला. एकदा घसरलेल्या माणसाला मी किती वर्षं धरून ठेवू?" मग तिने माझ्या पिशवीत दोन बटाटे टाकले, मी निवडले होते त्यांच्यापेक्षा चांगले. मी गाडीत बसून खूप रडले.

आर्लिस


१९ ऑक्टोबर

प्रिय आर्लिस,

कोरीनचं वाचलं आणि दिवसभर काही खाल्लं नाही. ती चांगली बाई आहे. तूही आहेस. मला तुम्हां दोघींच्या वाटेत यायला नको होतं.

ड्वेनला सांग की वेल्डिंग वेगळं आणि पाइप वेगळे. पाइप तिथून जातो हे खरं, पण बाकीचं पोट गरम राहिलं की त्या उबेवर एक चौकोन निभावून जातो. मी शेकडो पाहिलेत. त्याला तिथे सुरी लावू देऊ नकोस. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही.

बाकी तुझं काम ऐकून छाती फुगली. नऊ चौकोन, तेही पहिल्याच खेपेला. आमच्या यार्डात दोन पुरुष दोन दिवस लावायचे आणि त्यातला एक दिवस कॉफीचा.

फेब्रुवारीत आलो की मी पहिलं काय करणार सांगू? तुझ्या त्या सिंकसमोर उभा राहून भांडी घासणार. इथे सगळं प्लास्टिकचं आहे. भांड्यांचा आवाज ऐकून तीन वर्षं झाली.

ऑरिन


२४ नोव्हेंबर

प्रिय ऑरिन,

मालकाने येऊन झालरीला लाथ मारून बघितली आणि मान हलवली. आपण पास झालो. त्या आनंदात ड्वेनने टर्की भाजली, मी बटाट्याचं हॉटडिश केलं, आणि कुत्र्याने दोन्ही खाल्लं.

शून्याखाली बारापर्यंत उतरलंय. ट्रेलर गरम राहतो, खोटं सांगत नाही. हीटर कण्हत नाही, खिडक्यांना आतून बर्फ नाही. रांगेतल्या दोन ट्रेलरांचे नळ गोठले, माझा वाहतो. लोक विचारायला येतात, आणि मी तुझ्याकडून शिकलेलं त्यांना माझंच असल्यासारखं सांगते.

फक्त एक जागा. सिंकसमोर, बरोबर जिथे मी भांडी घासायला उभी राहते तिथे, तळपायाएवढ्या जागेत फरशी बर्फासारखी लागते. मोज्यांतूनसुद्धा. डोळे मिटून चालले तरी माझा पाय सांगेल की चौकोन इथे आहे. अजून दुपारी जरा ऊन असतं. ड्वेन म्हणतो, वीज बंद करू, कापड उघडू, तारा गुंडाळू, तक्ता बसवू, तासाभराचं काम. तू म्हणशील तसं करीन. पण लवकर कळव, थंडी थांबणार नाही.

आर्लिस


३ डिसेंबर

प्रिय आर्लिस,

उघडू नकोस. या थंडीत उघडलेलं कापड पुन्हा चिकटत नाही. टेप धरत नाही, शिवण फाटते, आणि एका चौकोनापायी सगळ्या पोटाची ऊब निघून जाईल. माझं ऐक.

सिंकसमोर रग टाक. तुझ्या आईने विणलेला लाल-निळा आहे ना, तो घडी करून.

दोन महिने राहिलेत, आर्लिस. आजवर सगळं नीट झालंय. आता काही ढवळायला नको. मी इथे आकडे मोजत नाही असं सगळ्यांना सांगतो आणि मोजतो.

ऑरिन


९ जानेवारी

ऑरिन,

मंगळवारी सकाळी शून्याखाली एकतीस होतं आणि वारा सुटला होता. कॉफीला पाणी घ्यायला गेले तर नळ दोनदा खोकला आणि गप्प झाला. मग रगाखाली काहीतरी तडकलं. मी चुलीपाशी केटली हातात धरून उभी राहिले, कारण मला कळलं होतं.

ड्वेनने मुख्य नळ बंद केला तोवर पोटाचं कापड पाण्याने भरून गाभण गाईच्या कासेसारखं लोंबत होतं, बरोबर तुझ्या चौकोनात. त्याने वीज बंद केली आणि सुरी लावली. मी झालरीच्या दारापाशी गुडघ्यांवर बसून टॉर्च धरला होता. पाणी आलं, आणि पाण्याबरोबर चार बाटल्या आल्या. तीन रिकाम्या, एक अर्धी. व्हिस्की. सगळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून, वर रबरबँड लावून. तू नेहमीच नेटका.

वर एकही तार नव्हती. ड्वेनने दोनदा बघितलं.

त्याने त्या बाटल्या बर्फात एका ओळीत उभ्या केल्या. मग म्हणाला, "याहून वाईट होऊ शकलं असतं." आपण गारपिटीलाही तेच म्हणतो आणि कर्करोगालाही. पण या खेपेला म्हणून झाल्यावर त्याचं त्यालाच पटलं नाही आणि तो हातमोजे झटकत राहिला.

अर्ध्या बाटलीचा कागद मी आत आणून हीटरवर वाळवला. गावचा साप्ताहिक अंक, १७ जुलै. त्याच वर्षीचा. टॉडला तू धडक दिलीस ती ऑक्टोबरात. पान चार, जत्रेचे फोटो. माझ्या चोकचेरीच्या जॅमला दुसरं बक्षीस, मी फीत धरून उभी. तो अंक मी कात्रण कापायला आठवडाभर शोधत होते, आठवतं? कपाटामागेसुद्धा बघितलं. तूही माझ्याबरोबर शोधत होतास. कपाट तूच सरकवलंस.

मी शपथ घेतली होती, ऑरिन. पुस्तकावर हात ठेवून सांगितलं की दोन वर्षं या माणसाने दारूला हात लावला नाही, लावला असता तर मला कळलं असतं. नंतर बाहेर कोरीनचा हात धरून पुन्हा तेच सांगितलं.

वॉल्डाल बाई २० तारखेला येणार आहेत. पाणी नाही, सिंकसमोरची फरशी फुगलीय. मी ड्वेनच्या बाकावर झोपते, तो गाडीत झोपतो म्हणतो आणि झोपतोसुद्धा. काय झालं ते लिही. या वेळी रग टाकू नकोस.

आर्लिस


१४ जानेवारी

प्रिय आर्लिस,

काय झालं ते असं झालं. मी कधी सोडलीच नव्हती. दोन वर्षं तू मला पिताना पाहिलं नाहीस, कारण मी पाठीवर पडून प्यायचो. तू मासे साफ करायला बसलीस की मी चाक बघून येतो म्हणून ट्रेलरखाली जायचो. घरी असलो तरी ट्रेलर अंगणातच होता. तुला वाटायचं, या माणसाला आपल्या डब्याची किती काळजी. पुदिन्याच्या गोळ्या खिशात असायच्या. जास्त नाही, दोन घोट, तीन घोट. रोज.

कोर्टात तू बोललीस तेव्हा मी खाली बघत होतो. लोकांना वाटलं मला लाज वाटतेय. वाटतच होती.

बाटल्या काढायला वेळच मिळाला नाही. धडक झाली त्या संध्याकाळी मला तिथूनच घेऊन गेले. मग तू ट्रेलरचं लिहिलंस. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही हे मलाही कळतं. पण मला वाटलं, फेब्रुवारीपर्यंत न उजाडलं तर मी येईन आणि स्वतःच्या हाताने काढून टाकीन, आणि ते कधीच नव्हतं असं होईल. तळपायाचं लिहिलंस तेव्हाच कळलं होतं की पाइप जाणार. तीस वर्षांत इतकं नक्की मला दुसरं काही कळलेलं नाही. तरी मी रग टाक असं लिहिलं.

अजून वेळ आहे. ऐक. फुटलेला तुकडा दोन्ही बाजूंनी चार-चार इंच जास्त काप. निळा लवचीक पाइप आण, अर्धा इंची, जोडायला पितळी सांधे, कड्या पक्कडीने आवळायच्या. पाणी सोडण्याआधी हेअर ड्रायरने दोन्हीकडचा बर्फ पूर्ण वितळव, नाहीतर पुढे पुन्हा फुटेल. तक्ता दुहेरी लाव, दोन इंचावर दोन इंच. टेप धरणार नाही, तर लाकडी पट्टी आडवी मारून स्क्रू लाव. फरशीखाली दोन दिवस पंखा सोड. दारातून गरम हवा आत जाऊ दे. वॉल्डाल बाई येतील तोवर कोणाला कळणारही नाही. दोघांना एका दिवसाचं काम आहे.

बाटल्या ड्वेनने टाकल्या ना?

सही कर, आर्लिस. मी इथे खरंच तीन वर्षं प्यायलो नाही, इथे मिळत नाही म्हणून का होईना. घरी आल्यावर मला हवं ते बोल, झालरीबाहेर झोपव. पण आधी येऊ दे. मी एकसष्ट वर्षांचा आहे. पुढची सुनावणी तीन वर्षांनी असते.

तुझा
ऑरिन


२२ जानेवारी

ऑरिन,

सुनावणीच्या खोलीत गेल्यावरच तुला कळू नये म्हणून आधीच लिहिते.

तू सांगितलंस तसंच केलं. चार-चार इंच जास्त, पितळी सांधे, ड्रायर, दुहेरी तक्ता, आडवी पट्टी. ड्वेन पट्टी मारताना म्हणाला, "बैल गेला नि झोपा केला." पण मनापासून मारली. रविवारी नळाला पाणी आलं. ज्याने फोडला त्याच्याच कृतीने पाइप दुरुस्त झाला, आणि मला तुझा अभिमान वाटला, आणि तेवढ्यासाठी मला स्वतःचा राग आला.

त्याआधी शनिवारी मी कोरीनकडे गेले होते. बाटलीचा तो कागद बरोबर नेला. ती तव्यावर लेफ्सा, बटाट्याच्या पातळ पोळ्या, भाजत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तिने विचारलं, "तुला माहीत होतं?" म्हटलं, "नाही." "मग तू कशाला आलीस?" म्हटलं, "शपथ माझी होती." तिने पुढचा लेफ्सा तव्यावर टाकला आणि उलटलाच नाही, तो जळून काळा होईपर्यंत आम्ही दोघी बघत राहिलो. मग ती म्हणाली, "टॉडला जळका आवडायचा," आणि मला दारापर्यंत सोडायला आली. मंडळाला तिने काय कळवलं ते मी विचारलेलं नाही.

वॉल्डाल बाई सोमवारी आल्या. बाहेर शून्याखाली अठ्ठावीस होतं. त्यांनी नळ सोडून बघितला, हीटर बघितला, आणि हातमोजा काढून सिंकसमोरच्या फरशीवर तळहात टेकवला. म्हणाल्या, "इतका उबदार ट्रेलर मी या हिवाळ्यात पाहिला नाही. कोणी केलं?" मी म्हटलं, "नवऱ्याने सांगितलं, मी केलं." त्यांनी जागेपुढे बरोबरची खूण केली. मग कागद पुढे केला. शेवटची ओळ अशी होती: अर्जदाराविषयी मी आजवर जे सांगितलं ते माझ्या माहितीप्रमाणे खरं आहे. खाली सहीची जागा.

मी पेन बराच वेळ धरून बसले. त्यांनी कॉफी संपवली, मी आणखी दिली, तीही संपवली. मग मी सही न करता पेन टेबलावर ठेवलं आणि त्यांना वर्तमानपत्राचा तो वाळवलेला कागद दाखवला, पान चार.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. पाइपाबद्दल दहा वाक्यं आहेत. टॉडचं नाव एकदाही नाही. पहिल्यापासूनची सगळी पत्रं काढून बघितली, कुठेच नाही. मला वाटलं होतं तू दारू लपवलीस. तू त्यालाही त्याच चौकोनात शिवून टाकलं होतंस.

तीन वर्षांनी काय होईल ते मला माहीत नाही. असेन इथे, नसेन. आता वाट बघते असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि आपल्या दोघांच्या वाट्याचं खोटं तू एकट्याने संपवलंस.

रग ड्वेनच्या कुत्र्याला दिला. काल मी मोजे काढून घरभर चालले. फरशी सगळीकडे सारखीच गरम आहे, सिंकसमोर तर जरा जास्तच. तिथे उभी राहून मी माझी एक बशी आणि एक कप घासला.

आर्लिस